‘माझ्यामागं याला कोण सांभाळणार?’

पत्र (थोडं आटोपशीर करून):

“मी सिन्नरला राहते. वय ५७. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मागच्या वर्षी गेले. मुलगी मोठी, चिंचवडला दिली आहे, तिची दोन मुलं लहान आहेत. मुलगा बाबू २३ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. नाशिकच्या मतिमंद मुलांच्या शाळेत जायचा. २०२० साली करोनात शाळा बंद झाली, त्याच वर्षी त्याला १८ पूर्ण झाली, तो परत गेलाच नाही. तेव्हापासून घरी. दहाला उठतो, टीव्ही, मोबाइल, जेवण, झोप. वजन फार वाढलंय. वर्षभरात चिडचिड वाढली आहे, वर्तमानपत्रं टराटरा फाडतो, एकदा मला ढकललं. दीर म्हणतात, एखाद्या वसतिगृहात ठेवून टाक. जाऊबाई म्हणतात, गरीबाघरची मुलगी बघून लग्न करून दे, सुधारेल. मुलीवर मला ओझं टाकायचं नाही. रात्री झोप लागत नाही. एकच विचार, माझ्यामागं याला कोण सांभाळणार? एखादी चांगली संस्था सुचवा.”

ताई,

आधी त्या फाडलेल्या वर्तमानपत्रांबद्दल बोलू. ‘माझ्यामागं’चं मागाहून.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या ज्या कार्यशाळेत मी एकोणीस वर्षं होते, तिथे कागद फाडणं हे एक काम होतं. रद्दीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या आणि त्या काचसामानाच्या खोक्यांत भरायच्या. एक मुलगा इतक्या सरळ पट्ट्या फाडायचा की जणू कात्रीच चालवली. घरी मात्र याच उद्योगापायी तो रोज बोलणी खात होता. तेव्हा बाबू कागद कसा फाडतो ते एकदा नीट बघा. चिंध्या करतो की पट्ट्या? बारा-तेरा वर्षं तो सकाळी आवरून, डबा घेऊन, गाडीत बसून नाशिकला जात होता. तिथे बाई होत्या, मित्र होते, प्रार्थना होती, मधली सुट्टी होती. एक दिवस ते सगळं थांबलं आणि का थांबलं हे त्याला कुणी सांगू शकलं नाही. तेवीस वर्षांच्या कुठल्याही मुलाला पाच वर्षं घरात बसवा, तोही आदळआपट करील. त्याला आपण ‘बेकार आहे म्हणून वैतागलाय’ म्हणतो आणि बाबूला ‘बिघडलाय’ म्हणतो.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. वडील गेले तेव्हा त्याला काय सांगितलंत? पत्रात त्याबद्दल काही नाही म्हणून विचारते. घरोघरी सांगतात तसं ‘पप्पा गावाला गेलेत’ असं सांगितलं असेल, तर ताई, तो वर्षभर वाट बघतोय. फोटोला हार घातलेला त्याला दिसतो, पण हार म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? ‘पप्पा मेले. ते आता परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येते, रडू येतं, तसं तुलाही येऊ दे,’ एवढ्या साध्या शब्दांत सांगा. पुन्हा विचारील, पुन्हा सांगा. यातला ‘मेले’ हा शब्द टाळू नका. देवाघरी गेले म्हटलं तर देवळात शोधायला निघणारा एक मुलगा मी पाहिला आहे.

आणि रक्ताची तपासणी. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं सर्रास आढळतं. वजन, सुस्ती, चिडचिड, सगळं त्यानेही होतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वर्षातून एकदा बघायलाच हवा. सोबत कान तपासून घ्या (मळ घट्ट बसून ऐकू कमी येतं आणि आपण म्हणतो ‘ऐकत नाही’), डोळे तपासा, आणि झोपेत तो जोरात घोरून मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्रीची झोप अशी तुटत असेल तर माणूस दहाला उठणारच. ‘या मुलांचं असंच असतं हो’ असं म्हणून कुणी डॉक्टर उठवून लावत असतील, तर दुसरा डॉक्टर गाठा.

जाऊबाईंच्या सल्ल्यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहायची माझी तयारी नाही. लग्नाने कुणी ‘सुधारत’ नाही, आणि डाऊन सिंड्रोम ही जन्मजात अवस्था आहे, आजार नव्हे. गरीबाघरची मुलगी आणायची म्हणजे बिनपगारी आया आणायची, आणि तिच्या आईलाही रात्री झोप लागत नसेलच. हा विषय घरात पुन्हा निघाला तर चहा ठेवायला उठा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सांभाळणं. हा शब्द आपण आया इतक्या सहज वापरतो की त्यात किती कामं कोंबली आहेत हे आपल्याच लक्षात येत नाही. रात्री एका छपराखाली राहणं हे एक. दिवसभर त्याला काहीतरी करायला असणं हे दुसरं. बँकेत, दवाखान्यात, सरकारात त्याच्या वतीने सही करणं तिसरं. पैसा चौथं. आणि रविवारी फोन करून ‘काय रे, जेवलास का’ विचारणारं कुणीतरी असणं, ते तर सगळ्यात मोठं. आज ही सगळी कामं तुम्ही एकट्या करता, म्हणून तुम्हाला वाटतं की तुमच्यामागं हे सगळंच्या सगळं करणारा एकच माणूस किंवा एकच संस्था हवी. तसा माणूस मिळत नाही. संस्थाही तशी नसते. कामं सुटी केली की मात्र एकेकाला हात मिळतो.

दिवसापासून सुरुवात करा, कारण ते उद्या करता येण्यासारखं आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच ट्रस्टची अठरा वर्षांपुढच्या मुलांसाठी संरक्षित कार्यशाळा आहे. तिथे जाऊन या. शाळा सोडल्याला पाच वर्षं झाली, आता घेतील का, हा विचार घरी बसून करू नका. कार्यशाळेत मुलं विशीतही येतात आणि तिशीतही. जागा नसेल तर यादीत नाव घाला आणि आणखी कुठे आहे हे त्यांनाच विचारा. आपल्या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात.

‘संरक्षित कार्यशाळा’ म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण अनेक पालकांना ती मोठ्या मुलांची बालवाडी वाटते. आमच्याकडे एक फळी होती, तिच्यावर रंगाने दहा गोल काढलेले. पणत्यांची पाकिटं भरायची तर मुलाने प्रत्येक गोलात एक पणती ठेवायची. सगळे गोल झाकले गेले की फळी पुढच्याकडे सरकवायची, पुढचा त्या पणत्या खोक्यात भरणार, त्याच्या पुढचा चिकटपट्टी लावणार. दहापर्यंत मोजता न येणारा मुलगा दिवसाला शंभर पाकिटं बिनचूक देत असे, कारण मोजायचं काम फळी करत होती. कसब सगळं त्या फळीत आहे: काम असं मोडायचं की त्यातला एक तुकडा या मुलाच्या हाताला बसेल. राख्या, उटण्याच्या पुड्या, कागदी पिशव्या, फायली, मसाले. दिवाळीच्या आधीचा महिना आमच्याकडे जेवायला सवड नसायची. मुलं घरी जायला कुरकुरायची.

महिन्याला विद्यावेतन मिळतं. ते किती, हे नातेवाइकांना सांगू नका, हसतात. आमच्याकडचा एक मुलगा त्याचे पैसे दहा-दहाच्या नोटांतच मागायचा. शंभराच्या तीन नोटा दिल्या की रुसायचा, कारण गड्डी जाड दिसत नसे. त्याचे वडील बँकेत होते, तेच दर महिन्याला सुट्या नोटांचं बंडल आणून आमच्याकडे देऊन ठेवायचे.

मुंबईत जुहूला ‘कॅफे अर्पण’ आहे, तिथे अशीच मुलं-मुली कॉफी करतात, गिऱ्हाईक बघतात. ओम क्रिएशन्समधल्या मुली चित्रकाम करतात, स्वयंपाकघर चालवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही असले व्हिडिओ पाहिले असतील. छान आहेत, पण ते बघून आपल्या मुलाच्या पाकिटं भरण्याला कमी लेखायचं नाही. आधी रोज वेळेवर घराबाहेर पडायची सवय मोडली आहे ती जोडायची. कॅफेचं पुढे बघता येईल.

सिन्नर ते नाशिक एसटीने जावं लागेल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा वर असेल तर एसटीत त्याला ७५ टक्के सवलत मिळते. सोबत्याला ५० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही, महिला म्हणून तुमचं तिकीट तसंही अर्धंच आहे. पहिले दोन-तीन महिने तुम्ही सोबत जा. मग एक दिवस दोन बाकं मागे बसा आणि त्याला कंडक्टरला सवलतीचं कार्ड दाखवू द्या. मग त्याला गाडीत बसवून द्या आणि तिकडे कुणीतरी उतरवून घेईल असं बघा. एकच वेळ, एकच गाडी, एकच खिडकी. आमच्या एका मुलाला पाटी वाचता येत नव्हती, पण डाव्या हाताला पाण्याची टाकी दिसली की दप्तर खांद्याला लावायचं हे तो कधी चुकला नाही. बाबू एकटा जाईल का हे मी इथून सांगू शकत नाही. कदाचित कायम कुणीतरी लागेल. पण करून बघितल्याशिवाय तुम्हालाही ते कळणार नाही.

खेळाचंही बघा. स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संघटना बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा घेते, नावं बरेचदा विशेष शाळांमार्फत जातात, आणि त्याला वयाची वरची अट नाही. फक्त डाऊन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून कोलांटउडी, सूर मारणं असल्या प्रकारांआधी डॉक्टरांना विचारा. चालणं, बोची (चेंडू घरंगळवायचा खेळ), चेंडूफेक खुशाल करू द्या.

कागदपत्रं. सुस्कारा टाकू नका, यातली निम्मी तुमच्याकडे असतील.

जुनं कागदी अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) करून घ्या, आता सगळीकडे तेच मागतात. ते झालं की पालकत्वाचा अर्ज. इथे बहुतेक पालक अडखळतात, म्हणून सावकाश सांगते. बाबू अठराचा झाला त्या दिवशी कायद्याच्या लेखी सज्ञान झाला. आई म्हणून तुमची सही त्याच्या वतीने चालायची थांबली. कुणी हटकलं नाही म्हणून पाच वर्षं निभावलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, अर्ज तिच्याकडे जातो. आई-वडील अर्ज करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. समितीने प्रमाणपत्र दिलं की बँकेत त्याच्या नावाचं खातं पालक म्हणून तुम्हाला चालवता येतं. शाखेत कुणी ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणालं तर रिझर्व्ह बँकेने हे प्रमाणपत्र मान्य करायला बँकांना कळवलेलं आहे, हे शांतपणे सांगा आणि मॅनेजरकडे जा. एक जबाबदारीही आहे: नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या नावावरच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. एका वहीत लिहून ठेवलं की झालं.

पालक नेमला म्हणजे मुलाचं मत संपलं असं मात्र समजू नका. मतदार यादीतही त्याचं नाव घालता येतं. एखाद्याला मनोविकल म्हणून सक्षम न्यायालयाने जाहीर केलं असेल तरच ते नाकारतात. आमच्याकडची मुलं बोटाला शाई लावून यायची तेव्हा दोन दिवस हात धुवायला तयार नसायची.

तुमच्या बाबतीत यापेक्षाही घाईचं एक काम आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. मिस्टर जिल्हा परिषदेत होते. तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत, मानसिक किंवा शारीरिक दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला तुमच्यानंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदांत बाबूचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून लागलेलं आहे का, हे पंचायत समितीत जाऊन आत्ताच तपासा. नसेल तर प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुम्ही असताना हे एका अर्जाचं काम आहे. तुमच्यानंतर तुमच्या मुलीला चिंचवडहून खेटे घालावे लागतील आणि दर खेपेला नवा कागद मागतील. एका घरात मी हे तीन वर्षं चाललेलं पाहिलंय. कार्यशाळेच्या चार पैशांनी पेन्शनला बाध येईल का अशी शंका आली तर तेही तिथेच लेखी विचारून ठेवा. विद्यावेतन हा पगार नव्हे, पण तोंडी उत्तरावर जाऊ नका.

राष्ट्रीय न्यास म्हणजे वरच्या कायद्याने उभी राहिलेली केंद्र सरकारची संस्था; तिच्याच ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपी, बाह्यरुग्ण उपचार यांचाही त्यात समावेश आहे. नूतनीकरणाची तारीख विसरायची नाही, एवढंच. सिन्नर नगरपरिषदेलाही स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. तुमच्या वॉर्डातल्या दोन-तीन पालकांनी मिळून विचारलं तर जास्त लवकर उत्तर मिळतं. एकट्या बाईला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हेच ऐकायला मिळतं.

(जाता जाता: तुम्ही ‘मतिमंद’ लिहिलंत आणि पुढच्या ओळीत खोडून पुन्हा लिहिलंत, ते दिसलं. संकोच नको. सरकारी कागदावर आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात, जुन्या संस्थांच्या पाट्यांवर जुना शब्द आहे. मी स्वतः ‘आमची मुलं’ म्हणते, चाळिशीतल्या माणसांनाही, आणि तेही चूकच आहे. सवय जात नाही.)

आता दिरांचा सल्ला. ‘ठेवून टाक’ यातलं ‘टाक’ मला खटकलं, तुम्हालाही खटकलं असणार. पण निवासी संस्था म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या चांगल्या निवासी संस्थांपैकी काही पालकांनीच जमून उभ्या केल्या आहेत. बदलापूरची ‘आधार’ अशीच, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ही तसंच. पुण्याजवळ मारुंजीला ‘नवक्षितिज’ आहे. (नाशिकचं ‘घरकुल’ वेगळं, ते मुली-बायकांसाठी आहे.) अशा ठिकाणी जागा मागितली आणि मिळाली असं होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी अनामत रक्कमही बरीच असते. म्हणून बघायला आत्ता जा, गरज पडेल तेव्हा नको.

काय बघायचं, हे मी चुकून शिकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पालकांबरोबर मी एक वसतिगृह बघायला गेले होते. लख्ख फरशा, भिंतीवर सुविचार, आणि पस्तीस मुलं ओळीत मांडी घालून गप्प बसलेली. मी त्या पालकांना म्हटलं, किती शिस्त आहे बघा. मुलाला तिथे ठेवलं. चार महिन्यांनी तो दिवाळीला घरी आला तो बोलायचाच बंद झालेला. पस्तीस मुलं एकदम गप्प का बसतील, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. तेव्हापासून मी गोंगाट आहे का ते आधी बघते. मग नखं बघते, संडासात जाऊन येते. अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत की एकाच ढिगातले, हे विचारते. रात्री किती मुलांमागे किती माणसं जागी असतात? मुलं बाजारात जातात का? पालकांना न सांगता येता येतं का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा ‘आधी फोन करून या’ म्हणाला की मी चहा पिऊन निघते.

आणि पहिलाच मुक्काम कायमचा नको. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत थोड्या दिवसांच्या निवासाची कल्पना आहे, ‘घरौंदा’त प्रौढांच्या कायमच्या घराची, आता दोन्ही एकत्र केल्या आहेत. काही संस्था अशा योजनेविनाही आठ-पंधरा दिवस ठेवून घेतात. वर्षातून एकदा बाबूला आठवडाभर असं राहू द्या. तुम्ही त्या दिवसांत बहिणीकडे जा, मोतीबिंदू बघून घ्या, नाहीतर नुसत्या झोपा. तो पहिल्या रात्री रडेल, तुम्हीही रडाल. पण तुम्ही आजारी पडून अचानक दवाखान्यात गेलात, तर त्या रात्री त्याला अनोळखी जागी झोपायला लागू नये, त्यासाठी ही तालीम.

राहिली मुलगी. ‘मुलीवर ओझं टाकायचं नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. तिला विचारलंत का? माझ्याकडे अशा बहिणी-भावांची पत्रंही येतात. त्यांचा राग ओझ्याचा नसतो. ‘आई आम्हाला काही सांगतच नाही, विचारलं की म्हणते तू तुझ्या संसाराचं बघ, आणि एक दिवस सगळं अंगावर येणार हे आम्हाला दिसतंय,’ हा राग असतो. तिच्यापुढे पदर पसरायचा नाही आणि तिला वगळायचंही नाही. नेमकं मागायचं. ‘तू बाबूला घरी ने’ असं म्हणू नका, तिच्या घरात सासू-सासरे आहेत, जावई आहेत, ते त्यांनी त्यांचं ठरवावं. ‘माझ्यानंतर पालक म्हणून सही तू करशील का? तो कुठेही राहिला तरी महिन्यातून एकदा जाऊन बघशील का?’ एवढं विचारा. कायदेशीर पालक असणं म्हणजे एकाच घरात राहून जेवू घालणं नव्हे. हा फरक कळल्यावर तयार झालेली भावंडं मी बरीच पाहिली आहेत. नाही म्हणाली, तर तेही आज कळलेलं बरं. मग मामाचा मुलगा, तुमची एखादी मैत्रीण, नाहीतर एखादी नोंदणीकृत संस्था. एक लक्षात ठेवा, पालकत्व वारशाने जात नाही. तुमच्यानंतर ज्याला पालक व्हायचं त्याला समितीकडे नव्याने अर्ज करावा लागेल, म्हणून त्या माणसाला आत्ताच सगळं ठाऊक हवं.

घर तुमच्या नावावर असेल तर मृत्युपत्र करा. मायेपोटी घर सरळ बाबूच्या नावावर लिहून मोकळं होऊ नका, आणि दिरांच्या नावावर ‘तुम्ही त्याला बघा’ या बोलीवर तर मुळीच नाही. वकिलाला खासगी विश्वस्त व्यवस्थेबद्दल विचारा: घर किंवा पैसा दोन-तीन विश्वस्तांकडे, खर्च फक्त बाबूसाठी. विश्वस्तांत एक घरातला आणि एक घराबाहेरचा असावा असं माझं मत. घरातले दोघं लवकर एक होतात.

हे सगळं वाचून धाप लागली असेल, तर या आठवड्यात फक्त दोन कामं करा. थायरॉइडची तपासणी, आणि एक दोनशे पानी वही. वहीत बाबूबद्दल जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते लिहायचं. कुठल्या कुशीवर झोपतो. गोळी पाण्याबरोबर घेतो की केळ्याच्या फोडीत घालून द्यावी लागते. कुकरच्या शिट्टीला घाबरतो का. ‘भूम’ म्हणाला की त्याला एसटी म्हणायचं असतं की मोटारसायकल. पोट दुखलं तर पोट धरतो, की कान ओढतो. दाढी कोण करून देतं आणि तेव्हा कुठलं गाणं लावावं लागतं. कुठल्या मित्राचं नाव काढलं की हसतो. रोज दोन ओळी पुरे, सुबक अक्षराचा सोस नको.

मुलगी सुट्टीला आली की ती वही तिच्या हातात द्या आणि तुम्ही दोन तास बाजारात जाऊन या. तो गोळी घेईल की नाही याची काळजी वाटेल, पण फोन करू नका. आणि नाशिकला जाण्याआधी बाबूचे पासपोर्ट साइझ फोटो दहा काढून ठेवा, दोन नकोत. प्रत्येक टेबलावर एक चिकटवतात.